डबा घेऊन निघता, मग दिवसभर जाता कुठे?

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

"ताई, मी न्यू जर्सीत राहतो. सात वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलो. आधी मेव्हण्याच्या दुकानात होतो, मग सीडीएल, म्हणजे मोठ्या ट्रकचं लायसन, काढलं. चार वर्षं ट्रक चालवतोय. पाच आठवड्यांपूर्वी कंपनीने रँडम टेस्टला पाठवलं आणि गांजा निघाला. मी ओढत नाही. इथल्या सरकारमान्य दुकानातून गमी, म्हणजे गांजाची चघळायची गोळी, घेतो, तीही रोज नाही, पाठ दुखते आणि झोप लागत नाही तेव्हाच. टेस्टवाल्या डॉक्टरचा फोन आला तेव्हा दुकानाची पावती दाखवतो म्हटलं, ते म्हणाले उपयोग नाही. त्याच दिवशी कंपनीने काढलं. एक कागद हातात दिला, तो गाडीतच पडलाय. बायकोला सांगितलं नाही. ती पहाटे डबा देते, मी निघतो. एक मित्र म्हणतो, दुसऱ्या राज्यात जाऊन लायसन काढ. दुसरा म्हणतो, स्वतःची एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी, काढ, मग कोण विचारतंय. तिसरा म्हणतो, पाच वर्षांनी रेकॉर्ड आपोआप पुसलं जातं. लॅबची चूक असू शकते का? ग्रीन कार्ड आहे, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करायचाय. नाव छापू नका."

भाऊ,

मी बारा वर्षं एका ट्रकिंग कंपनीच्या सेफ्टी विभागात काढली. तुमच्यासारखे ड्रायव्हर टेबलाच्या पलीकडे बसलेले पाहिलेत. काही परत गाडीवर गेले, काही गेले नाहीत. त्यामुळे धीर देण्याआधी मित्रांचे तीन सल्ले आणि तुमचा लॅबचा प्रश्न निकालात काढते. त्यात अडकून तुमचे पाच आठवडे आधीच गेलेत.

लॅबपासून सुरू करू. गांजाची लघवीची चाचणी दोनदा होते. पहिल्या चाळणीत मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमची मर्यादा असते. ती ओलांडली तर तोच नमुना वेगळ्या यंत्रावर तपासतात आणि तिथे मर्यादा १५ ची. त्यानंतर तुम्हाला फोन आला तो एमआरओचा, म्हणजे निकाल तपासणाऱ्या डॉक्टरचा. नमुना दोन बाटल्यांत भरलेला असतो. दुसरी बाटली दुसऱ्या लॅबला पाठवा, असं सांगायला त्या फोनपासून ७२ तास मिळतात. ते केव्हाच उलटले. आणि खरं सांगू? तुम्ही स्वतःच लिहिलंय की गमी घेता. मग लॅबने चूक केली कुठे?

पावतीचं दुखणं मला कळतं. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून मोठ्यांना दुकानातून गांजा विकत घेता येतो. पाटी लावलेलं दुकान, पोलीस काही बोलत नाहीत. पण सीडीएल ड्रायव्हरची टेस्ट राज्याची नाही, केंद्र सरकारच्या परिवहन खात्याची आहे आणि त्या खात्याला राज्याचा कायदा लागू नाही. डॉक्टरने गांजासाठी दिलेलं मेडिकल कार्डही तिथे चालत नाही. 'यात फक्त सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) आहे' असं बाटलीवर छापलेलं असलं तरी एमआरओ ते कारण धरत नाही. यावर वाद घालणारे मी खूप पाहिले, जिंकलेला एकही नाही.

आता दुसऱ्या राज्याचं लायसन. ६ जानेवारी २०२० पासून ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाउस सुरू झालंय, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग आणि दारूच्या टेस्टचं सरकारी नोंदखातं, सगळ्या देशाचं एकच. तुमची नोंद आज तिथे 'प्रोहिबिटेड', म्हणजे गाडी चालवायला बंदी, अशी आहे. कुठल्याही राज्यातली कंपनी तुम्हाला गाडी देण्याआधी तिथे तुमची पूर्ण नोंद उघडून पाहते, आणि ती पाहू द्यायला तुम्हालाच खातं काढून परवानगी द्यावी लागते. नाही दिली तर नोकरी नाही. शिवाय १८ नोव्हेंबर २०२४ पासून एक नवीन गोष्ट झालीय, ती बहुतेक तुमच्या मित्राच्या कानावर नाही. 'प्रोहिबिटेड' ड्रायव्हरचं सीडीएल राज्याने काढून घ्यायचं असतं. राज्याला कळल्यापासून ६० दिवसांच्या आत ते साध्या लायसनवर उतरवतात. म्हणजे एमव्हीसीचं, न्यू जर्सीच्या लायसन खात्याचं, पत्र आलं नसेल तर येईल, आणि येईल ते घरच्या पत्त्यावर. तुमच्याकडे पेटीतून टपाल कोण काढतं?

पाच वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून जास्त घातक. नोंद पाच वर्षांनी जाते, पण परतीची सगळी प्रक्रिया आणि त्यानंतरच्या टेस्ट पूर्ण झाल्या असतील तरच. त्या टेस्ट पाच वर्षांच्या पुढे रेंगाळल्या तर नोंदही तोवर राहते. आणि तुम्ही काहीच केलं नाहीत, नुसते थांबलात, तर ती पाचच काय, पन्नास वर्षांनीही तिथेच असेल.

एलएलसीत मात्र थोडं तथ्य आहे, त्याकडे पुढे येते.

गाडीत पडलेला तो कागद काढा. कंपनी काढून टाकत असली तरी सॅपची यादी फुकट देणं तिला भागच असतं. तो कागद बहुधा तोच. सॅप म्हणजे या कामासाठी खास पात्रता मिळवलेला सल्लागार. परतीचा रस्ता त्याच्या दारातूनच जातो, दुसरं दार नाही. क्लिअरिंगहाउसमध्ये खातं काढा, तिथे सॅपची निवड करा, त्याने ती स्वीकारली की पहिली भेट. भेट समोरासमोर होते, हल्ली व्हिडिओवरही चालते. तो तुमचं बोलणं ऐकून काय करायचं ते ठरवतो: काही तासांचा वर्ग, समुपदेशन किंवा उपचार. ते झालं की दुसरी भेट. तो समाधानी झाला की तुम्ही रिटर्न-टू-ड्यूटी टेस्टला, म्हणजे परत गाडीवर बसण्याआधीच्या टेस्टला, पात्र झालात असं नोंदवतो.

सॅप निवडताना जपा. एकदा पहिली भेट झाली की हा कडक वाटला म्हणून दुसऱ्याकडे जाता येत नाही, नियमच तसा आहे. फोनवर आधीच विचारा: दोन्ही भेटी धरून फी किती, पहिली भेट कधी मिळेल, काम संपल्यावर रिपोर्ट किती दिवसांत चढवता. 'दोन दिवसांत क्लिअर करून देतो' म्हणणारा भेटला तर फोन ठेवून द्या. प्रत्येक माणसाला काही ना काही शिक्षण किंवा उपचार सांगणं सॅपला बंधनकारक आहे, 'तुला काही नको, जा' असं तो म्हणूच शकत नाही. आणि तो तुम्हाला स्वतःच्याच क्लिनिकमध्ये पाठवायला लागला तर तेही सहसा नियमात बसत नाही.

फी तुमच्या खिशातून. कंपनीने द्यावी असा नियम नाही, तुम्हाला परत घ्यावं असाही नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. "तीही रोज नाही, पाठ दुखते आणि झोप लागत नाही तेव्हाच." पत्र पहिल्यांदा वाचताना हे मीही ओलांडून गेले, कारण तुम्हीच ते सहज म्हणून टाकलंय. पण भाऊ, सॅप याच वाक्यावर थांबणार, आणि थांबायलाच हवं. किती दिवसांनी झोप लागत नाही? आठवड्यातून एकदा, की चारदा? गमी रात्री किती वाजता घेता आणि पहाटे किती वाजता गाडी काढता? पोटात गेलेल्या गमीचा अंमल ओढलेल्या गांजापेक्षा उशिरा चढतो आणि जास्त वेळ टिकतो, हे तुम्हाला दुकानदाराने सांगितलं असेल किंवा नसेल. चाळीस टनी गाडीमागे त्याचा अर्थ काय होतो, ते मी चार वर्षं ट्रक चालवणाऱ्याला सांगायला नको.

'एकदाच पार्टीत खाल्ली होती' हे सॅपच्या कानावर रोज पडतं. तुम्ही तसं सांगितलंत आणि त्याने विश्वास ठेवला, तर एक छोटा वर्ग देऊन मोकळं करेल. मग दोन महिन्यांनी तीच पाठ, तीच रात्र, तेच दुकान. त्याला खरं सांगा. 'झोपेसाठी घेतो' म्हणणाऱ्या माणसाला काय द्यायचं हे त्याला समजतं. आणि वेगळं म्हणून, तुमच्या डॉक्टरकडे जा. घोरता का, दिवसा डुलकी लागते का, झोपेत श्वास अडकतो का, हे तपासून घ्या. ट्रकवाल्यांमध्ये स्लीप ॲप्निया नवा नाही, त्यावर इलाज आहे आणि इलाज चालू असलेला ड्रायव्हर गाडी चालवू शकतो. पाठीसाठी डॉक्टरने गोळी दिली तर ती घेऊन गाडी चालवता येते का, हे तिथेच विचारून लिहून घ्या.

रिटर्न-टू-ड्यूटी टेस्टची घाई करू नका. नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत गांजा कित्येक आठवडे सापडू शकतो. औषधाच्या दुकानात घरी करायची किट मिळते, आधी ती करून बघा. रिटर्न-टू-ड्यूटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ते नियमाचं नवीन उल्लंघन धरतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू. 'डिटॉक्स'च्या बाटल्या विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. नमुन्यात काही मिसळलेलं किंवा नमुना बदललेला आढळला तर ते टेस्ट नाकारल्यासारखंच, म्हणजे पॉझिटिव्हइतकंच वाईट.

एक गोष्ट मी आधीच सांगून ठेवते, कारण तिथे जाऊन पुरुष माणसं बिथरतात. ही टेस्ट नजरेखाली होते. तुमच्याच लिंगाचा माणूस सोबत आत येतो. शर्ट कमरेच्या वर उचलायचा, पँट आणि आतले कपडे मांडीच्या मध्यापर्यंत खाली घ्यायचे, गोल फिरून दाखवायचं, मग कपडे नीट करून त्याच्या डोळ्यांसमोर नमुना द्यायचा. आमच्याकडचा एक ड्रायव्हर, पन्नाशीचा, रागाने लाल होऊन क्लिनिकमधून बाहेर पडला आणि गाडीत जाऊन बसला. कुणी काही विचारायच्या आत त्याच्या नावापुढे 'टेस्ट नाकारली' अशी नोंद झाली. लाज वाटेल. पाच मिनिटांची आहे, सोसा.

आता खरी मेख. ही टेस्ट तुम्ही स्वतः क्लिनिकमध्ये जाऊन, पैसे भरून करून घेऊ शकत नाही. कुठल्या तरी कंपनीने तुम्हाला घ्यायचं ठरवून तिथे पाठवावं लागतं. टेस्ट निगेटिव्ह आली की कंपनी ती नोंदवते, आणि तेव्हाच 'प्रोहिबिटेड' हा शब्द जातो. सॅपचं काम संपवूनही ड्रायव्हर महिनोन्महिने इथेच अडकतात, कारण कंपन्या म्हणतात 'आधी क्लिअर होऊन या' आणि क्लिअर व्हायला कंपनी लागते. म्हणून सॅपकडचा वर्ग चालू असतानाच फोन सुरू करा. पहिल्याच वाक्यात सांगा: 'माझी सॅपची प्रक्रिया चालू आहे, अमुक तारखेला संपेल, तुम्ही रिटर्न-टू-ड्यूटी ड्रायव्हर घेता का?' घेणाऱ्या कंपन्या असतात. पगार कमी असेल, गाडी जुनी असेल, रूट कुणाला नको असलेला असेल.

माझ्या टेबलासमोर एका आठवड्यात असे दोघं बसले होते. पहिला अर्धा तास बोलला: बहिणीच्या लग्नात कुणी तरी काही तरी दिलं, लॅबने घोळ केला, जुना मॅनेजर डूख धरून होता. दुसऱ्याने प्लास्टिकची फाइल टेबलावर ठेवली. सॅपचं पत्र, वर्गाचं सर्टिफिकेट, डॉक्टरकडच्या झोपेच्या तपासणीचा कागद. म्हणाला, "मॅडम, मी घेत होतो. आता घेत नाही. कधीही टेस्टला बोलवा." दुसऱ्याला घ्यायला मला पाच मिनिटं लागली. पहिला कदाचित दुसऱ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर असेल, पण त्याला गाडी देऊन मी रात्री झोपले नसते.

एलएलसीची गोष्ट इथे येते. स्वतःची गाडी, स्वतःचं परमिट घेणाऱ्यालाही हेच सगळे नियम. त्याला कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे अनेकांच्या टेस्ट एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेत, नाव घालावं लागतं, टेस्ट तेच लोक लावतात, क्लिअरिंगहाउस त्यालाही चुकत नाही. म्हणजे 'कोण विचारतंय' हे साफ खोटं. पण सॅपची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर कुठलीच कंपनी दार उघडत नसेल, तर मालक-ड्रायव्हर म्हणून कन्सॉर्शियममार्फत रिटर्न-टू-ड्यूटी टेस्ट करून घेता येते. कायदेशीर आहे. मात्र त्यासाठी कर्जाने ट्रक घेऊ नका. नव्या परमिटचा विमा आणि ट्रकचा हप्ता या दोन्हींचं गणित टेस्टच्या कारणाने सोडवायला गेलात तर पाठदुखी वाढेल.

परत गाडीवर बसलात की संपलं असं नाही. पहिल्या १२ महिन्यांत किमान सहा अचानक टेस्ट, त्याही नजरेखालच्या. सॅपला वाटलं तर ते पाच वर्षांपर्यंत चालू राहतं. किती आणि कधी ते तुम्हाला सांगत नाहीत, तुमच्या हातात येणाऱ्या रिपोर्टमधूनही तेवढा भाग झाकलेला असतो. सगळ्यांसारख्या रँडम टेस्ट वेगळ्या. नोकरी बदललीत तर हा आराखडा तुमच्यामागे नव्या कंपनीत येतो. म्हणजे जर्सीतलं ते दुकान तुमच्यासाठी बंद झालं असं समजा. 'आता क्लिअर झालो' म्हणून रविवारीसुद्धा नाही.

तोवर पैशांचं काय? 'प्रोहिबिटेड' ही बंदी सीडीएल लागणाऱ्या गाड्यांची आहे. गोदाम, डिस्पॅच, यार्डातलं चढवणं-उतरवणं करता येतं. २६,००१ पौंडांच्या खालची, सीडीएल न लागणारी डिलिव्हरीची गाडी साध्या लायसनवर चालवता येते, मालकाची आणि त्याच्या विम्याची हरकत नसेल तर. मेव्हण्याच्या दुकानाचा रस्ताही तुम्हाला माहीत आहे. अभिमान आड येत असेल तर येऊ दे, हप्ता वाट बघत नाही. आणि एमव्हीसीला फोन करून विचारून ठेवा की क्लिअर झाल्यावर सीडीएल परत चढवायला त्यांना कुठले कागद लागतात.

सिटिझनशिपचं मी हळू आवाजात सांगते. नोकरीवरची टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे कोर्टातली शिक्षा नव्हे, घाबरून जाऊ नका. पण गांजाबाबत इमिग्रेशनवाले केंद्राचा कायदा पाहतात, आणि राज्यात चालत असलं तरी अर्जदाराच्या चारित्र्याच्या मुद्द्यावर ते आड येऊ शकतं, असं त्यांनी २०१९ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय. शिक्षा झालेली नसतानाही 'हो, मी घेतला' ही कबुली चुकीच्या टेबलावर महागात पडू शकते. म्हणून अर्ज भरण्याआधी, आणि साताऱ्याला जायचं तिकीट काढण्याआधीही, इमिग्रेशनच्या वकिलाला तासभराचे पैसे देऊन बसा. फॉर्मवर खोटं लिहू नका, आणि वकिलाला विचारल्याशिवाय काहीच लिहू नका. फॉर्म भरून देणाऱ्या ओळखीच्या काकांकडे तर मुळीच जाऊ नका. ही गोष्ट मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून सल्ला विचारू नका, हे वेगळं सांगायला नको ना? सॅपशी खरं बोला म्हटलं ते तसंच आहे, पण वकिलाकडे आधी जाता आलं तर जा. म्हणजे काय, कुठे आणि किती बोलायचं, ते दोन्हीकडे नीट जुळेल.

राहता राहिली वहिनी. पहाटे उठून पोळ्या लाटतात, डबा बांधून देतात. तुम्ही तो घेऊन कुठल्या पार्किंगमध्ये खाता? पाच आठवडे झाले. एमव्हीसीचं पत्र त्यांच्या हातात पडण्याआधी तुमच्या तोंडून हे बाहेर पडायला हवं. मुहूर्त पाहू नका, पगार जमा झालेला नाही हे त्यांना दिसलंही असेल आणि त्या तुमच्या बोलण्याची वाट बघत असतील. रागावतील. गमीवरून कमी आणि डब्यावरून जास्त रागावतील, असा माझा अंदाज आहे. ऐकून घ्या.

मग गाडीतला तो कागद वर घेऊन या आणि सॅपला फोन लावा. पार्किंगमधून नको, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून लावा.